'सोय नाही' हे कारण नव्हे



गेल्या हिवाळ्यात मला एक दोन पानी पत्रक आलं. मथळा होता, 'वेधशाळेत मुक्कामास येणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांसाठी सूचना'. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून बारा वर्षं मी समुपदेशन केंद्र, पोलीस स्टेशन आणि कोर्ट या तीन ठिकाणांत फिरते आहे. मान वर करून आकाश बघायची वेळ क्वचितच येते. पण एका संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यावर डोंगरावरच्या कर्मचाऱ्यांचं शिबिर घ्यायला मला बोलावलं. दोन रात्री वर राहायचं होतं. वर राहणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक जातं, म्हणून मलाही आलं. संस्थेचं नाव मी मुद्दाम देत नाही. मला एका संस्थेवर खापर फोडायचं नाही. जो युक्तिवाद तिथे ऐकला, तो आपण साऱ्याजणी घरापासून दिल्लीपर्यंत ऐकत आलो आहोत. त्या युक्तिवादाशी माझं भांडण आहे.

आधी पत्रकाचं कौतुक करते, कारण ते खरोखर विचारपूर्वक लिहिलेलं होतं. शेवटच्या वळणानंतर गाडीचे मोठे दिवे बंद करा. कारण दुर्बीण कितीतरी मिनिटं, कधी तास न् तास, एकाच अंधुक ठिपक्याचा प्रकाश साठवत असते. तुमच्या हेडलाइटचा एक झोत ती सगळी मेहनत पाण्यात घालू शकतो. हातात लाल काचेचीच बॅटरी ठेवा. कारण अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने बिघडले की पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. भरपूर गरम कपडे आणा. कारण दुर्बिणीच्या घुमटात शेगडी लावता येत नाही. गरम हवा वर चढली की ताऱ्याचं चित्र थरथरतं. हवेतला दमटपणा वाढला की घुमट बंद करा, नाहीतर आरशावर दव बसेल. दुपारपर्यंत विश्रामगृहात मोठ्याने बोलू नका, रात्रभर जागलेली माणसं झोपलेली असतात. खिडक्यांचे काळे पडदे उघडू नका. रात्रीचा डबा संध्याकाळीच भरून घ्या. हवा कोरडी आहे, भरपूर पाणी प्या. दुकान दूर आहे, आपली औषधं आपण आणा.

प्रत्येक सूचनेमागे कारण होतं आणि प्रत्येक कारण पटणारं होतं. आणि मग सतरावं कलम आलं: 'महिला निरीक्षकांनी शक्यतो सोबत आणावी. त्यांच्यासाठी सोय मर्यादित आहे.'

याला मात्र कारण दिलेलं नव्हतं. आरशावर दव का बसतं हे समजावून सांगणाऱ्या पत्रकाला बाईची सोय मर्यादित का, हे समजावून सांगायची गरज वाटली नव्हती. ते जणू हवामानच. थंडी असते, वारा असतो, तशी बायकांची सोय नसते.

वर गेल्यावर 'मर्यादित' म्हणजे काय ते कळलं. दुर्बिणीच्या इमारतीत एकच संडास, आतून कडी नसलेला. विश्रामगृहात दुसरा. दोन्हींच्या मध्ये दोनशे पावलांची उताराची पायवाट, आणि त्या पायवाटेवर दिवा नाही, कारण दिवा लावायचा नसतो. पुरुष इमारतीच्या मागे जाऊन येतात. रात्रपाळीला असलेली एक संशोधक मुलगी मला म्हणाली, "ताई, मी संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाही." पत्रक म्हणतं भरपूर पाणी प्या, पत्रकातलं सतरावं कलम म्हणतं पिऊ नका. मुलगी सतरावं कलम पाळते.

आणि मी? बायकांना हक्कांवर व्याख्यानं देणारी मी? पहिल्या रात्री दुर्बीण बघायला गेले तेव्हा मीही पाणी प्यायले नाही. सकाळी डोकं दगडासारखं जड झालं आणि त्या जड डोक्याने मी शिबिरात 'सुरक्षित कामाचं ठिकाण' या विषयावर बोलले. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवं. सवय किती खोल जाते ते त्यातून कळतं.

तिथल्या व्यवस्थापकांना विचारलं. माणूस सज्जन, मदत करणारा. म्हणाले, "मॅडम, वर्षाकाठी चार-पाच बायका येतात. तेवढ्यांसाठी वेगळं बांधकाम कसं मंजूर होणार?"

मी विचारलं, "आणि स्वयंपाकघरातल्या दोघी? साफसफाईच्या बाई?"

"त्या काय, गावातल्याच आहेत."

म्हणजे रोज सकाळी डोंगर चढून येणाऱ्या तिघी त्यांच्या हिशेबात 'येणाऱ्या बायका' नव्हत्याच! रात्रभर आकाश बघणाऱ्यांचा डबा त्या करतात, झोपणाऱ्यांच्या चादरी त्या धुतात, आणि अंधार पडायच्या आत पायी खाली उतरतात. त्यांच्यासाठी संडासच नव्हता, विश्रामगृहातला पाहुण्यांसाठी राखीव. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाईंना मी विचारलं. भाषा माझी नव्हती, त्या संशोधक मुलीने अर्थ सांगितला. बाई म्हणाल्या, "सकाळी निघताना चहा घेत नाही. मग दिवस निभतो."

पीएच.डी. करणारी मुलगी पाचनंतर पाणी पीत नाही आणि तिचा डबा करणारी बाई सकाळचा चहा घेत नाही. एकीकडे दुर्बीण, दुसरीकडे तवा, पण शरीराने चुकवायची किंमत दोघींना सारखीच.

हा 'सोय नाही'चा इतिहास जुना आहे, आणि मोठ्या नावाजलेल्या डोंगरांवरचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात माउंट विल्सन वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांच्या वसतिगृहाचं नावच 'मॉनेस्टरी', म्हणजे मठ. पुढे पालोमारच्या डोंगरावर दोनशे इंची दुर्बीण आली, १९४८ मध्ये तिचं लोकार्पण झालं, आणि तिथल्या वसतिगृहालाही तेच नाव पडलं. मठ म्हटल्यावर बाईला प्रवेश कसा असणार! विज्ञानाने देवळं मागे टाकली असं आपण समजतो. सोवळं मात्र त्याने बरोबर नेलं.

मार्गारेट बर्बिज ही इंग्लंडमधली तरुण खगोलशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात तिने माउंट विल्सनवर काम करण्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज केला. उत्तर आलं, ही पुरुषांसाठी आहे. १९५५ मध्ये तीच शिष्यवृत्ती तिच्या नवऱ्याला, जेफ्री बर्बिजला मिळाली. तो सिद्धान्तावर काम करणारा, दुर्बिणीवरचा हात तिचा. तेव्हा ती 'नवऱ्याची मदतनीस' म्हणून डोंगरावर गेली. मठात जागा नाही, म्हणून नवरा-बायको वेगळ्या खोपटात राहिली, आपलं जेवण आपण घेऊन जात. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, या दोघांनी फाउलर आणि हॉइल यांच्याबरोबर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने आपल्या शरीरातलं आणि पृथ्वीवरचं बहुतेक सगळं मूलद्रव्य ताऱ्यांच्या पोटात कसं घडलं हे दाखवलं. लेखकांत पहिलं नाव तिचं होतं. त्याच बाईला अंथरूण द्यायला त्या डोंगरावर सोय नव्हती.

व्हेरा रुबिनची गोष्ट तर आणखी बोलकी. पालोमारच्या अर्जावर छापलेलंच होतं की सोयी मर्यादित असल्यामुळे स्त्रियांचे अर्ज घेता येत नाहीत. १९६५ मध्ये तिथे अधिकृतपणे निरीक्षण करणारी ती पहिली स्त्री ठरली. ती मर्यादित सोय म्हणजे नेमकं काय, तर एक संडास! असं सांगतात की तिने कागदाचा झगा कापला, दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला आणि म्हणाली, झाली बायकांची सोय. एवढंच काम होतं. कात्री, कागद आणि दोन मिनिटं. सतरा वर्षं ज्याला 'सोय नाही' म्हटलं गेलं, ती सोय तिथे होतीच. फक्त बाईने ती वापरायची नव्हती. याच रुबिनच्या आकाशगंगांच्या भ्रमणावरच्या कामामुळे पुढे कृष्णद्रव्याचा प्रश्न सगळ्यांना गांभीर्याने घ्यावा लागला. आज चिलीतल्या सेरो पाचोनच्या डोंगरावर तिच्या नावाची वेधशाळा उभी आहे, आणि २०२५ च्या जूनमध्ये तिथली पहिली छायाचित्रं जगाने पाहिली.

आणखी एक नाव. हेन्रिएटा लेव्हिट. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या तबकड्यांवरचे तारे मोजायला ज्या बायका बसवल्या होत्या, त्यांतली एक. मजुरी तासाला पंचवीस-तीस सेंट. तबकड्या बघता बघता तिने १९१२ मध्ये एक नियम मांडला. काही तारे ठरावीक काळाने उजळतात आणि मंद होतात. त्या काळावरून ताऱ्याचं खरं तेज सांगता येतं, आणि तेजावरून अंतर. हीच फूटपट्टी घेऊन एडविन हबल १९२३ मध्ये माउंट विल्सनवर देवयानी आकाशगंगेचं अंतर मोजायला बसला आणि विश्व आपल्या आकाशगंगेपुरतं नाही हे सिद्ध झालं. फूटपट्टी बाईची. डोंगर पुरुषांचा. बाईचं काम वर चालत होतं; चालत नव्हती ती बाई.

आता आपल्यातल्याच काही मैत्रिणींचा आक्षेप मला ऐकू येतो. खेड्यात बाईला प्यायचं पाणी नाही, आणि तू दुर्बिणीवाल्या मूठभर बायकांचं काय घेऊन बसलीस? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण मला सांगा, एसटीच्या महिला कंडक्टरला डेपोत काय सांगितलं गेलं? बंदोबस्ताला बारा तास उभ्या असलेल्या महिला पोलिसाला? ऊसतोडीच्या कोपीवर राहणाऱ्या बाईला? मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'वाल्या कार्यकर्त्या मोफत, स्वच्छ मुताऱ्यांसाठी लढत आल्या, त्यांना महापालिकेच्या दारात काय उत्तर मिळत होतं? जागा नाही, निधी नाही, सोय नाही. येत नाहीत म्हणून सोय करत नाहीत, सोय नाही म्हणून येत नाहीत, हे चक्र डोंगरावर आणि डेपोत एकच आहे. आणि डोंगरावर फक्त दुर्बिणीवाल्याच नाहीत. तवेवाल्याही आहेत.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, आणि तो तिथल्या शास्त्रज्ञांनी मला प्रामाणिकपणे विचारला. तुम्ही बायका रस्त्यावर दिवे मागता. आम्हाला अंधार हवा. मग कोणाचं ऐकायचं?

खरं आहे. आपल्या चळवळीने रात्र आमचीही आहे म्हणत वर्षानुवर्षं दिवे मागितले. पण आपल्याला हवा आहे तो पावलांपुढचा उजेड. आकाशात उधळलेला नव्हे. झाकण असलेला, फक्त खाली पडणारा, पिवळसर, गुडघ्याच्या उंचीवरचा मंद दिवा पायवाट दाखवतो आणि दुर्बिणीला त्रास देत नाही. डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या झोतापेक्षा तोच सुरक्षित, कारण झोताच्या बाजूला गडद सावली पडते आणि तिथे उभा असलेला माणूस दिसत नाही. लडाखमध्ये हानले इथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. २०२२ मध्ये त्या परिसराला काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित केलं गेलं. तिथे गावांशी बोलून दिव्यांना झाकणं आणि खिडक्यांना जाड पडदे आले, आणि गावातल्याच लोकांना, त्यांत अनेक बायकांना, दुर्बिणी हाताळायचं शिक्षण दिलं गेलं. आता त्या पाहुण्यांना आकाश दाखवतात. अंधार जपायचा तर बाईला घरात कोंडावं लागत नाही. तिला अंधाराची राखणदार करता येतं. प्रश्न उजेड की अंधार असा नाहीच. पायवाटेचा विचार करताना ती वापरणारी बाई डोळ्यांपुढे होती का, एवढाच प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट गरोदरपणाची. इथे मी सरळ भांडत नाही, कारण शरीर खोटं बोलत नाही. हवाईतल्या मौना कियाच्या शिखरावर, ४,२०० मीटरवर, श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्केच असतो. म्हणून शास्त्रज्ञ मधल्या टप्प्यावर, साधारण २,८०० मीटरवर राहतात, शरीराला सराव देतात आणि रात्रीपुरते वर जातात. गरोदर बाईने एवढ्या उंचीवर जाऊ नये असा सल्ला दिला जातो, आणि तो योग्य आहे. पण सल्ला देऊन संस्थेचं काम संपतं का? दुर्बिणीच्या रात्री वर्षवर्ष आधी अर्ज करून मिळतात. तिने वर जायचं नाही, मग तिच्या रात्रीचं काय? ती रात्र तिच्याच नावावर राहून खालून निरीक्षण व्हावं, किंवा तिने नेमलेल्या सहकाऱ्याने करावं, हे त्याच पत्रकात लिहायला नको का? आणि गरोदर आहात का, हा प्रश्न सगळ्या कार्यालयातून फिरणाऱ्या अर्जावर नको. तो डॉक्टरच्या बंद पाकिटात हवा. नाहीतर काळजी कधी मनाई होते ते कळतही नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, आता वर जायची गरजच काय? हानलेची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. उत्तम. ज्यांना मुलं आहेत, आजारी माणसं आहेत, अपंगत्व आहे, त्या सर्वांसाठी, बायका असोत की पुरुष, हा मोठा दिलासा आहे. पण दिलासा निवडीतून यावा. 'वर सोय नाही, तुम्ही खालूनच करा' हे पुन्हा 'घरी बसा'च झालं. आणि आरसा धुणारी, यंत्र दुरुस्त करणारी, भाकरी भाजणारी बाई उपग्रहामार्फत काम करत नाही. तिला वर जावंच लागतं.

आता कायद्याकडे येते, कारण त्यासाठीच तर मला बोलावलं होतं. २०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' म्हणजे फक्त कार्यालय नव्हे. नोकरीच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ते ठिकाण आणि मालकाने दिलेलं वाहनही त्यात येतं. म्हणजे डोंगरावरची दुर्बीण, विश्रामगृह आणि रात्रीची जीप, तिन्ही आली. तक्रार करणारी तिथली कर्मचारी असलीच पाहिजे असं नाही. पाहुणी, विद्यार्थिनी, कंत्राटी स्वयंपाकीण, सगळ्या आल्या. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच, आणि संस्थेची कार्यालयं वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी हवी. समितीच्या नेमणुकीचा आदेश दर्शनी जागी लावणं ही मालकाची जबाबदारी. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. त्या डोंगरावर वाऱ्याचा वेग किती झाला की घुमट बंद करायचा याचा फलक होता. समितीचा नव्हता.

दूरच्या, एकांतातल्या कामाच्या जागी काय घडतं याबद्दल 'आमच्याकडे असं नसतं' म्हणणाऱ्यांसाठी एकच आकडा देते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक स्त्रियांनी क्षेत्रकाम करणाऱ्या ६६६ शास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६४ टक्क्यांनी क्षेत्रकामाच्या जागी लैंगिक छळ अनुभवल्याचं सांगितलं. ती पाहणी वेधशाळांची नव्हती. पण एकांत, रात्र, वरिष्ठावर अवलंबून असलेलं भवितव्य आणि परतीची गाडी दुसऱ्याच्या हातात, हे सगळं डोंगरावरही आहेच. 'सोबत आणावी' हा यावरचा उपाय नव्हे. सोबत आणायला सांगणं म्हणजे सुरक्षिततेची जबाबदारी बाईच्या भावावर किंवा नवऱ्यावर ढकलून संस्थेने हात झटकणं.

म्हणून शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही काय केलं ते सांगते. फळा घेतला आणि सतरावं कलम खोडून सगळ्यांनी मिळून नवं लिहिलं. संशोधक मुलगी होती, स्वयंपाकघरातल्या दोघी होत्या, साफसफाईच्या बाई होत्या, ड्रायव्हर आणि तंत्रज्ञही होते. जे लिहिलं ते असं:

१. दुर्बिणीच्या इमारतीत आणि विश्रामगृहात प्रत्येकी एक तरी संडास आतून कडी, पाणी, बादली आणि झाकणाच्या कचरापेटीसह असेल. तो पाहुण्या आणि कर्मचारी सर्व बायकांसाठी खुला असेल.

२. पायवाटेवर खाली पडणारे, झाकलेले मंद दिवे असतील. लाल बॅटरी संस्था देईल.

३. प्रत्येक खोलीला आतून कडी असेल. दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते राहणारीला सांगितलं जाईल.

४. 'सोबत' हवी असेल तर ती संस्था पुरवेल. रात्रपाळीला एकट्या बाईला एकाच पुरुषाबरोबर नेमलं जाणार नाही, तिची स्वतःची हरकत नसेल तर गोष्ट वेगळी.

५. जीप मागितल्यावर रात्रीही मिळेल, कारण न विचारता. गावातल्या बायकांना संध्याकाळी खाली सोडेल.

६. सॅनिटरी पॅड आणि साधी औषधं विश्रामगृहात कपाटात असतील. मागावी लागणार नाहीत.

७. वर यायला न जमणाऱ्या व्यक्तीची निरीक्षणाची रात्र रद्द होणार नाही.

८. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर वाऱ्याच्या वेगाच्या फलकाशेजारी लागतील, तिथल्या भाषेत. वर मोबाइलला रेंज नसेल तर कार्यालयातला फोन कोणालाही वापरता येईल.

यात एकही मागणी दुर्बिणीच्या एका लहानशा भिंगाइतकी महाग नाही. पहिली कडी त्याच संध्याकाळी तिथल्या तंत्रज्ञाने बसवली. चार स्क्रू लागले. व्यवस्थापक साहेब बघत उभे होते, मग म्हणाले, "हे आधी कोणी सांगितलंच नाही." मी काही बोलले नाही. स्वयंपाकघरातल्या मोठ्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. बाकीच्या सात मागण्या कागदावर आहेत, आणि त्या कागदाचा पाठपुरावा मी करते आहे. चार स्क्रूंनी व्यवस्था बदलत नाही, हे मला कळतं.

तुमच्यापैकी अनेकजणी अशा समित्यांवर बाहेरच्या सदस्य आहात. पुढच्या बैठकीला गेलात की आधी अहवाल मागू नका. पाहुण्यांना पाठवतात ते सूचनापत्रक मागा. धरण असो, जंगलातलं संशोधन केंद्र असो, साखर कारखान्याचं विश्रामगृह असो की डोंगरावरची दुर्बीण. त्यात बाईचा उल्लेख कुठे आहे, आणि कारण देऊन आहे की नुसताच 'सोय नाही' म्हणून, ते बघा. मग स्वयंपाकघरात जा आणि तिथल्या बाईला विचारा, सकाळी चहा घेतलात का?

मिळालेली उत्तरं आपल्या अंकाकडे पाठवा. पुढच्या वेळी कोणी 'सोय नाही' म्हणालं, तर त्याच्यापुढे ती ठेवता येतील.